आधी वेळ सांभाळ, मग नमस्कार वाढव

परवा तू विचारलंस, "दादा, मन घट्ट कसं होतं?" सांगतो. दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर, म्हणजे आपल्या बडोद्याचा प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा, तुला ठाऊक आहेच. तिथे ये किंवा घरच्या गच्चीवर कर, पण सकाळची एक वेळ ठरव. रोज १२ सूर्यनमस्कार. ५० नकोत. पहिल्याच दिवशी ५० घालणारे चौथ्या दिवशी मांड्या धरून बसतात आणि स्वतःवरच रुसतात.

खरी कसोटी गजर वाजतो तेव्हा. मन म्हणतं, आज राहू दे. तरी तू उठतोस, सतरंजी पसरतोस. नकोसं वाटत असतानाही काम होतं, हे अंगाला तिथेच कळतं.

माझी नोकरी गेली तेव्हा रात्र रात्र डोळा लागत नव्हता. सकाळी मात्र मल्लखांबाला एरंडेल चोळायचो, साधी अढी, म्हणजे खांबाला पायांची पकड, मारायचो, घसरायचो, पुन्हा चढायचो. खांबावर कर्जाच्या हप्त्यांचा विचार आला की पकड सुटायचीच. ती वीस मिनिटं डोकं रिकामं व्हायचं, आणि त्याच जोरावर कामासाठी चार लोकांना फोन करायचा धीर यायचा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालू नकोस, बाराच घाल. सलग दोन दिवस मात्र चुकवायचे नाहीत. रात्री मोबाईल लवकर बाजूला ठेव. झोप मोडून शिस्त टिकत नाही. आणि आठवडेच्या आठवडे कशातच जीव रमेना, तर डॉक्टरांकडे जा, नुसत्या व्यायामावर विसंबू नकोस.

सोमवारी ये. अढी मी शिकवतो.