बारावीतच नर्सिंगची सीट

अगं, अमेरिकेत नर्सिंगच्या डिग्रीला अर्ज करतेयस ना, मग सगळ्यात आधी हे बघ, कॉलेज डायरेक्ट अ‍ॅडमिट देतंय की प्री-नर्सिंग. पहिल्यात सीट पहिल्या दिवसापासून तुझी. दुसऱ्यात एक-दोन वर्षं शिकून पुन्हा अर्ज करायचा, आणि तिथे चांगल्या मार्कांच्या मुलीही गळतात. पेन (पेनसिल्व्हेनिया), व्हिलानोव्हा, पिट्सबर्ग या विद्यापीठांत बारावीनंतर थेट नर्सिंगलाच घेतात. 'आधी बायोलॉजी घे, मग बदलू' असं घरचे म्हणतील, पण मधूनच आत शिरायला जागा फार थोड्या असतात.

कॉमन अ‍ॅप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकच अर्ज भरायची साइट, १ ऑगस्टला उघडतं, आणि बऱ्याच ठिकाणी अर्ली अ‍ॅक्शनची, म्हणजे लवकर अर्ज करून लवकर निकाल घ्यायची मुदत १ नोव्हेंबर. अर्जासोबतचा निबंध सुट्टीतच लिही. 'मला सेवा करायची आहे' एवढ्याने भागत नाही. मी वृद्धाश्रमात जायचे तेव्हा एका आजींना सूप भरवताना शिकले: चमचा ओठांशी नेऊन थांबायचं, घोट गिळला की मगच पुढचा. निबंधात मी तेवढंच लिहिलं होतं.

केमिस्ट्री सोडू नकोस. प्रत्येक कॉलेजला विचार, एनक्लेक्स, म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा, पहिल्या फटक्यात किती जण पास होतात, क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष काम, कधी सुरू होतं आणि सीट टिकवायला जीपीए (मार्कांची सरासरी) किती लागतो. हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस हं. यादी झाली की पाठव, रविवारी बसून बघू.