हार्मोनियमवरून पियानोकडे आलोय. चर्चच्या क्वायरच्या कागदावर 'बी मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह' आलं. वाजवलं तर अधांतरी वाटतं. माझं काही चुकतंय का?

चुकत नाहीये, ती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचा स्वरांचा गट, अधांतरीच असते. हिलाच हाफ-डिमिनिश्ड म्हणतात. काही कागदांवर नुसतं तिरकी रेघ मारलेलं छोटं शून्य असतं, तीही हीच.

तुम्ही पेटीवाले आहात, तर पांढरी सातला सा धरा. सा, कोमल ग, तीव्र म, कोमल नी: बी, डी, एफ, ए. चारही पट्ट्या पांढऱ्या. काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून मोजलं तर अंतरं ३, ३, ४. साध्या मायनर सेव्हनमधला पंचम काढून तिथे तीव्र मध्यम ठेवला, एवढाच फरक. आपला कान तंबोऱ्याच्या सा-पवर वाढलेला, म्हणून पंचम गेला की टेकायला जागा उरत नाही. शेवटचा स्वर ए-फ्लॅट, म्हणजे काळी चार, लागला तर ती पूर्ण डिमिनिश्ड होते. कोमल नीऐवजी शुद्ध ध लागण्याची ही चूक सर्रास होते.

ही कॉर्ड एकटी वाजवून तपासू नका. मायनरमध्ये ती घरी, म्हणजे मूळ कॉर्डवर, परतायच्या वाटेवर येते. इथे ही कॉर्ड, मग ई सेव्हन, मग ए मायनर:

डावा हात बी, उजवा डी-एफ-ए (बोटं १-३-५, अंगठा म्हणजे १)
डावा ई, उजवा डी-ई-जी शार्प (१-२-५)
डावा ए, उजवा सी-ई-ए (१-२-५)

पहिलीकडून दुसरीकडे जाताना डी जागचा हलत नाही. एफ आणि ए प्रत्येकी एकच पट्टी खाली सरकतात. पुढे डी दोन पट्ट्या उतरून सीवर येतो, जी शार्प एक चढून एवर, आणि ई तिथेच राहतो. हे अगदी सावकाश वाजवा. एफ ईवर उतरतो तो क्षण ऐकू आला की कॉर्ड कळली असं मी समजतो. स्वर लांबवणारं पायाचं पेडल मात्र प्रत्येक कॉर्डला नव्याने घ्या, नाहीतर एफ आणि ई एकमेकांवर चढतात आणि सगळा गाळ होतो.

चारही स्वर डाव्या हातात, खालच्या सप्तकात दाबू नका, नुसती घरघर ऐकू येते. खाली एकटा बी पुरे. आणि तो बीच हवा: खाली डी गेला तर त्याच पट्ट्यांची डी मायनर सिक्स्थ होते, जी गेला तर जी नाइन्थ, आणि कान सी मेजरकडे ओढला जातो.

गोव्यातल्या पावसाळ्याचंही एक सांगतो. जून ते सप्टेंबर दमटपणाने लाकूड फुगतं, खऱ्या पियानोची एखादी पट्टी अडकते. एफ उठलाच नाही तर उरलेले बी, डी, ए साध्या मायनर सेव्हनसारखे लागतात आणि आपण उगाच बोटांना दोष देतो. शंका आली की चारही स्वर एकेक करून वाजवून बघा.

हे बसलं की पांढरी तीनवरून ई, जी, बी-फ्लॅट, डी घ्या, पुढे ए सेव्हन, मग डी मायनर. इथे हाफ-डिमिनिश्ड कॉर्डमध्येच काळी पट्टी येते, काळी पाच.