खुर्चीखाली तपकिरी कोळी आणि काटेरी गोळी सापडली. हा विषारी आहे का? पिल्लं कधी निघतील?

पायांवर पट्टे असलेला तपकिरी कोळी आणि शेजारी लटकणारी काटेरी, वाटाण्याएवढी गोळी असं वर्णन तुम्ही केलंय. ती गोळी म्हणजे अंड्यांची पिशवी. तिच्यावरून सांगतो, ही ब्राउन विडो जातीच्या कोळ्याची मादी. नुसत्या रंगावर मी विसंबलो नसतो. ही फिकट करडीही असते आणि जवळजवळ काळीही, शिवाय पट्टेवाले निरुपद्रवी कोळी घरोघरी असतात. पण अंड्यांच्या पिशवीला चहूबाजूंनी रेशमाची टोकं काढणारा दुसरा कोळी घरात सहसा सापडत नाही.

खात्री करायची तर टॉर्च मारा. ती जाळ्यात उलटी लटकते, त्यामुळे पोट वर असतं. त्यावर वाळूच्या घड्याळाच्या आकाराची नारिंगी खूण दिसेल. जाळं म्हणजे नुसता गुंता, पण धागे इतके चिवट की तोडताना तटतट आवाज येतो.

विषारी आहेच, विष मज्जातंतूंवर काम करतं. पण भित्री आहे. धक्का लागला की पाय आखडून खाली पडते, मेल्याचं सोंग घेते. चावते ती दाबली गेली तर, म्हणजे खुर्ची उचलताना कडेखाली बोटं गेली, बुटात पाय घातला, असं काही झालं तर. बहुतेकदा दुखणं आणि लाली यावर भागतं. स्नायूंत गोळे आले, दरदरून घाम सुटला किंवा लहान मुलाला चावली तर सरळ डॉक्टर गाठा.

आता पिल्लांचं. एका पिशवीत साधारण १०० ते १५० अंडी असतात. अंडी आतच फुटतात, पहिली कातही पिल्लं आतच टाकतात आणि उबदार हवेत ३ आठवड्यांच्या आसपास भोक पाडून बाहेर येतात. म्हणजे भोक दिसलं तर उशीर झाला. मग धागा सोडून वाऱ्यावर पांगतात. बरीच मरतात, एकमेकांना खातातही. नर अगदी किडकिडीत. समागमात तो कोलांटी मारून आपलं पोट मादीच्या तोंडाशी नेतो आणि बऱ्याचदा खाल्ला जातो. मादी मात्र साठवलेल्या शुक्राणूंवर पुढे एकामागून एक पिशव्या विणत राहते, आयुष्यात वीसेकही.

म्हणून नुसती मादी मारून भागत नाही, आणि फवारा पिशवीच्या आत नीट पोहोचत नाही. जाड हातमोजे घाला, पिशवी काडीवर गुंडाळून काढा आणि चिरडा. मग बाकीच्या खुर्च्या, कुंड्यांच्या कडा आणि मीटरची पेटीही खालून बघा.