डुकराच्या मूत्रपिंडाची वाट पाहावी का?

प्रश्न : माझे पती ४६ वर्षांचे असून दीड वर्षापासून त्यांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. मी मूत्रपिंड द्यायला तयार आहे, पण माझा रक्तगट बी आणि त्यांचा ए. अमेरिकेत डुकराचे मूत्रपिंड माणसाला बसवल्याचे वाचल्यापासून ते ‘थोडे थांबू या’ म्हणतात. थांबावे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, थांबू नका. बातमी खरी आहे. मार्च २०२४मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, जनुकांत ६९ बदल केलेल्या डुकराचे मूत्रपिंड एका ६२ वर्षांच्या रुग्णाला बसवले. ते सुमारे दोन महिन्यांनी वारले. जानेवारी २०२५मध्ये तिथेच दुसऱ्या रुग्णाला बसवलेले मूत्रपिंड २७१ दिवस चालले आणि मग काढावे लागले. ज्याला दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चार तास यंत्राला जखडून राहावे लागते, त्याच्यासाठी ते नऊ महिने किती मोलाचे असतील, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. तरीही जिवंत दात्याचे मूत्रपिंड अनेकदा पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ चालते आणि प्रत्यारोपणाआधी डायलिसिसची वर्षे वाढत गेली, की हृदय व रक्तवाहिन्या झिजतात. म्हणून आज हाताशी असलेला उपाय उद्याच्या आशेवर लांबवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्तगट जुळत नाही म्हणून वाट बंद होत नाही. आपल्याकडे २०११च्या कायदादुरुस्तीने अदलाबदलीच्या प्रत्यारोपणाला मान्यता दिली आहे. रुग्ण बी गटाचा आणि त्याचा जवळचा नातेवाईक ए गटाचा, अशी तुमच्या नेमकी उलट जोडी मिळाली आणि बाकीच्या तपासण्या जुळल्या, तर तुमचे मूत्रपिंड त्या रुग्णाला आणि त्यांचे तुमच्या पतींना देता येते. यासाठी प्राधिकार समितीची मंजुरी लागते. आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे हा विषय स्वतःहून काढा. त्याचबरोबर, मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत पुण्याच्या झेडटीसीसीकडे (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे) नाव नोंदवा. यादी लांब असते, त्यामुळे नोंदणीला उशीर नको.

तोवर त्यांची प्रकृती शस्त्रक्रियेजोगी राखायला हवी. दिवसभराचे ठरवून दिलेले पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा आणि चहा, आमटी, ताक घेतले, की तेवढे पाणी त्यातून ओतून टाका. शहाळ्याचे पाणी पोटॅशियममुळे, तर करमळ (स्टारफ्रूट) त्यातील विषारी द्रव्यामुळे धोक्याचे आहे. फिस्तुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या, हातावर रक्तदाब मोजू देऊ नका. रोज सकाळी तिथे बोटे टेकवून थरथर जाणवते का, ते पाहा. ती थांबली, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.