तोंडी गणित येते, मग पेपर अर्धा का राहतो?

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. तोंडी विचारले तर गणित अचूक सांगते. पण परीक्षेत बेरजेऐवजी वजाबाकी करते, मधले प्रश्न सोडून देते, डबा आणि स्वेटर शाळेतच विसरते. बाई म्हणतात, ‘शांत आहे, पण लक्ष नसते.’ पहिलीपासून हेच ऐकते आहे. मोबाइलसमोर मात्र तासभर हलत नाही. हा आळस समजायचा का?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : मोबाइलचा दाखला बहुतेक पालक देतात आणि तिथेच फसगत होते. पडद्यावर दर क्षणाला काही नवे घडत असते, त्यामुळे लक्ष आपोआप खेचले जाते. वहीतल्या गणितावर ते स्वतः नेऊन टिकवावे लागते आणि काही मुलांना नेमके हेच जड जाते. लक्ष टिकवणे जड जाण्याच्या या त्रासात, म्हणजे अवधान अस्थिरतेत (‘एडीएचडी’त), दंगा असतोच असे नाही. शांत मुलींचा त्रास तर अनेकदा वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही, कारण त्यांची तक्रार कोणी करत नाही.

तरीही पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे. लक्षणे बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान 6 महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसणारी असावी लागतात. ती रक्ततपासणीत सापडत नाहीत. आधी दृष्टी, श्रवण आणि झोप तपासून घ्या. शाब्दिक उदाहरण वाचतानाच ती अडखळत असेल, तर वाचनाच्या अध्ययन अक्षमतेचीही चाचणी हवी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे.

शिष्यवृत्तीचा जादा क्लास लावला असेल, तर माझ्या मते तो तूर्त थांबवावा. थकलेल्या मुलीला आणखी दोन तास बसवून लक्ष वाढत नाही. अभ्यास पंधरा-पंधरा मिनिटांचा करावा, सूचना एका वेळी एकच द्यावी आणि गणित सोडवण्यापूर्वी चिन्हाभोवती गोल काढायला सांगावे. बाईंना खिडकीपासून दूर, पुढच्या बाकाची विनंती करावी. औषधाचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञ घेतील. त्याने भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून सुरू किंवा बंद करू नये.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येत असेल, तर त्यांना हे जरूर सांगा. नाहीतर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. जाताना प्रगतिपुस्तकापेक्षा तिच्या जुन्या उत्तरपत्रिका आणि बाईंचे चार ओळींचे पत्र सोबत न्या.