मुलगा सतरा वर्षांचा आहे. सेकंड हँड गाडी कशी घ्यायची, हे त्याला कसं शिकवू? आधी व्हिडिओ दाखवू की थेट शोरूमला नेऊ?

दोन्ही राहू द्या. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा त्याला बरोबर न्या, आणि तिथे तो काही बोलला तर गप्प करू नका. मी मुलीला गप्प केलं होतं, ते सव्वा लाखाला पडलं.

जानेवारी २०२०. मी कराडचा. साडूंनी सांगलीत एक वॅगन आर बघून ठेवली होती, तीन लाख दहा हजारांना. "एजंट आपल्या घरातलाच समजा." साडू वयाने मोठे, शिवाय सासुरवाडीत त्यांचाच शब्द चालतो. मुलगी अकरावीला होती, रविवार म्हणून आली. गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "काका, एवढा सेंट कशाला मारलाय हो?" एजंट हसला, साडू हसले, मी डोळे वटारले. बोनेटला हात लावला तर गरम. आम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली होती. तेही मी गिळलं. दहा हजार टोकन जागेवर दिलं.

मग लॉकडाऊन. जूनमध्ये काचा आपोआप खाली यायला लागल्या आणि एक दिवस गाडी स्टार्टच होईना. वायरिंगवाल्याने एक शब्द न बोलता ड्रायव्हरचा सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. आत गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ. नखाने खरवडली तर माती पडली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा कुठवर आली होती, ते सांगायला नको. चाळीस हजार घातले आणि सव्वादोन लाखांना, पुरातली आहे असं सांगूनच, विकली.

साडूंचं म्हणणं, "तीन महिने उभी राहिली की कुठलीही गाडी बिघडते."

आता मुलाबद्दल. पट्टा ओढणं त्याच्याकडे द्या. खिशात लोहचुंबक द्या. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली असते, फक्त प्लास्टिकच्या बंपरला लावून घाबरू नका. टायरवरचे चार आकडे वाचायला लावा: ३५१७ म्हणजे २०१७ चा पस्तिसावा आठवडा. मीटर वीस हजार किलोमीटर दाखवतंय आणि चारही टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवे, तर एवढ्या लवकर का बदलले, हे त्यालाच विचारू द्या. आरसी, कितवा मालक, चलन बाकी आहे का, हे तो एमपरिवहन ॲपवर तुमच्याआधी काढेल. आरसीवर एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, चढलेली असेल तर बँकेची एनओसी आणि तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. आणि "उद्या सांगतो" म्हणून उठून यायला शिकवा, टोकनचे पैसे घरीच ठेवून.

नव्या गाडीत शिकवण्यासारखं फार नाही. हँडलिंग चार्जेस कशाचे ते विचारायचं, विमा त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती नसते एवढं लक्षात ठेवायचं.

हो, राहिलंच. ट्रायल मात्र तुम्हीच मारा. अल्पवयीन मुलगा चालवताना सापडला तर पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि सगळे एजंट तसले नसतात, माझी आत्ताची गाडी एजंटकडूनच घेतली आहे. पट्टा मुलीने ओढून बघितला.

त्या गाळाच्या रेघेचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. गेल्या दिवाळीत साडूंना पुन्हा दाखवला. ते म्हणाले, चष्मा आणला नाही.