भारतात हार्ट फेल्युअर नेमकं कोणाला होतं आणि उपचार नीट मिळतात का?

तुमच्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय बंद पडलेलं नाही, पण त्याचा पंप कमकुवत झालाय. वय ५८, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग ३० टक्के, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं ३० टक्के रक्त बाहेर पडतं. ‘हा तर म्हाताऱ्यांचा आजार, मग यांना एवढ्या लवकर कसा? आणि इतक्या गोळ्या कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. मी फिजिशियन आहे, असे पेशंट आमच्या ओपीडीत रोज असतात.

आपल्याकडे ५८ म्हणजे लवकर नाहीच. राष्ट्रीय हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत देशभरातल्या ५३ हॉस्पिटलांनी १०,८५१ दाखल पेशंटची नोंद केली. सरासरी वय साठच्या आसपास निघालं. युरोप-अमेरिकेत ते सत्तरीच्या पुढे असतं. सुमारे ७२ टक्के लोकांत मूळ कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधले अडथळे होतं, चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना मधुमेह होता. बायका फक्त ३१ टक्के. त्यांना हा आजार कमी होतो, असं मात्र मला वाटत नाही. जिना चढताना दम लागला तर ‘वजन वाढलंय’ म्हणून घरीच विषय संपतो, हे नेहमी बघतो.

उपचारांचं म्हणाल, तर तिथेच खरी गोची आहे. पंपिंग कमी असलेल्यांपैकी ज्यांना शास्त्राप्रमाणे पूर्ण औषधं मिळाली ते निम्म्याहून कमी, ४७.५ टक्के. २०१३ च्या त्रिवेंद्रमच्या रजिस्ट्रीत तर डिस्चार्जच्या वेळी जेमतेम पाव लोकांना ती मिळाली होती, म्हणजे सुधारणा आहे. तरीही राष्ट्रीय रजिस्ट्रीत ९० दिवसांत सुमारे १४ टक्के पेशंट दगावले, आणि कमी शिकलेल्यांत हे प्रमाण जास्त होतं.

आता गोळ्या. आयुष्य वाढवणारे गट चार: सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन (किंवा रॅमिप्रिलसारखं औषध), मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यांपैकी एक बीटा ब्लॉकर (नाडी संथ करणारं औषध), स्पायरोनोलॅक्टोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही शेवटची दोन मुळात शुगरची औषधं, पण शुगर नसली तरी देतात, तेव्हा ‘बाबांना डायबेटिस नाही’ म्हणून परस्पर काढू नका. लघवीची गोळी सूज आणि दम उतरवते, म्हणून पेशंटला तीच खरी औषधाची वाटते. सूज उतरली की बाकीच्या बंद होतात आणि दोन महिन्यांनी माणूस पुन्हा ॲडमिट.

दुसरी गळती आमच्या बाजूला. डिस्चार्ज कार्डवर मेटोप्रोलॉल २५ लिहिलेलं असतं, सहा महिन्यांनी पेशंट येतो तेव्हाही २५ च. गाठायचा डोस २०० मिलिग्रॅम, अर्थात बीपी आणि नाडीला झेपेल तेवढाच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्राँग-एचएफ अभ्यासात डिस्चार्जनंतर दोनच आठवड्यांत डोस पूर्ण मात्रेपर्यंत नेऊन वरचेवर तपासणी ठेवली. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण २३ वरून १५ टक्क्यांवर आलं. औषधं तीच, फरक पाठपुराव्याचा.

३० टक्क्यांचा धसका घेऊ नका. निरोगी हृदयही शंभर टक्के रक्त बाहेर फेकत नाही, ५५ ते ७० च्या दरम्यान असतं. औषधं टिकवली तर अनेकांचं पंपिंग सुधारतं, मात्र सुधारलं म्हणून औषधं थांबवायची नाहीत.

घरी वजनकाटा ठेवा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी समजा आणि दम लागायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. लोणचं-पापड बंद. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन तर घरात नकोच, त्या अंगात पाणी धरतात आणि किडनीलाही त्रास देतात.

पुढच्या भेटीला आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन जा, पोटॅशियम-क्रिएटिनिन (क्षार आणि किडनीसाठीची रक्ततपासणी) कधी करायचं ते विचारा, आणि ‘कुठल्या गोळीचा डोस अजून वाढवायचा राहिलाय?’ हेही. हा प्रश्न ऐकून डॉक्टर चिडणार नाहीत, आणि चिडलेच तरी विचाराच.